जड नंबराची काच

अहेरीच्या बसस्थानकावरून पहाटेची चंद्रपूरची गाडी धरावयाची, आलापल्लीचा सागवानाचा डेपो अंधारातच मागे टाकावयाचा, लगाम ओलांडून आष्टीला वैनगंगेच्या पुलावर उजाडलेले पाहावयाचे, आणि गोंडपिपरीवरून शंभराहून अधिक किलोमीटरांचा तो प्रवास संपवून चंद्रपुरातील एका अरुंद गल्लीतल्या दुकानाच्या फळीवर आपला चष्मा उतरवून ठेवावयाचा, हा क्रम माझ्या आयुष्यात इतक्या वेळा घडला आहे की, त्या रस्त्यावरची वळणे आता शरीरालाच पाठ झाली आहेत. माझ्या दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे दहा आहे. चष्मा उतरविला असता अर्ध्या वितीपलीकडचे सारे जग धुक्यात विरून जाते. माणसाचा चेहरा हा केवळ एक उजळ डाग राहतो आणि फळ्यावर मीच काढलेली अक्षरे मला वाचता येत नाहीत. साध्या नंबराचे चष्मे अहेरीत, आलापल्लीत मिळतात आणि त्यांनी पुष्कळांचे काम भागते; परंतु नंबर सहा-सातच्या पुढे गेला म्हणजे नुसता चष्मा मिळून भागत नाही, तो बसवावा लागतो. आणि हे बसविणे म्हणजे काय, याची कल्पना चष्मा वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना असते. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेला आकडा हा चष्म्याचा अर्धाच भाग होय; उरलेला अर्धा भाग कारागिराच्या बोटांत, सानेच्या दगडात आणि फ्रेमच्या खाचेत असतो. त्या अर्ध्या भागाविषयी मी येथे लिहिणार आहे.

प्रथम आकड्याचा तपशील पाहू. चष्म्याचा नंबर ज्या एककात मोजतात त्या डायॉप्टरची योजना फर्दिनांद मोनोये या फ्रेंच नेत्रवैद्याने १८७२ मध्ये सुचविली. एक मीटर अंतरावर किरण एकत्र आणणारे भिंग एक डायॉप्टरचे, आणि दहा सेंटिमीटरांवर एकत्र आणणारे दहा डायॉप्टरचे, इतका तो हिशेब सोपा आहे. अधिक नंबराचे भिंग मध्ये फुगीर आणि कडेला पातळ असते. उणे नंबराचे भिंग याच्या नेमके उलट, मध्ये पातळ आणि कडेला जाड. नंबर वाढतो तसा हा फुगीरपणा किंवा ही जाडी वाढते, एवढे सर्वांना ठाऊक असते. जे सहसा ठाऊक नसते ते असे की, ही जाडी काचेच्या मध्यबिंदूपासून कडेपर्यंतच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अंतर दुप्पट झाले की जाडीतील फरक चौपट होतो. जड नंबराच्या चष्म्याचे सगळे सुखदुःख या एका नियमात साठविलेले आहे.

हा नियम मला पुस्तकातून कळला नाही, नाकावरच्या व्रणातून कळला. तरुणपणी एका शहरातील एका झकपक दुकानात मी एक मोठी, रुंद, चौकोनी फ्रेम पसंत केली. त्या काळी तशा फ्रेमची चलती होती. दुकानदाराने नंबर पाहिला, फ्रेम पाहिली, चकार शब्द काढला नाही आणि पैसे घेतले. आठ दिवसांनी चष्मा हाती आला तेव्हा काचांच्या बाहेरच्या कडा बोटाएवढ्या जाड होऊन फ्रेमच्या मागे पुढे आल्या होत्या, काड्या पुरत्या मिटत नव्हत्या, आणि डोळ्यांवर चढविताच जमीन एका बाजूने उचलल्यासारखी वाटू लागली. सवय होईल, असे मला सांगण्यात आले. दोन महिने मी ती सवय करीत राहिलो. कपाळ दुखे, नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल खड्डे पडत, आणि पायरी उतरताना पाऊल कोठे पडेल याचा भरवसा राहिला नव्हता. अहेरीहून पुन्हा त्या शहरात जाणे म्हणजे रजा, भाडे आणि मुक्काम यांची तजवीज करणे; म्हणून मी ते सोशीत राहिलो. जिल्ह्याच्या टोकावर राहणाऱ्या माणसाला बिघडलेली वस्तू बदलून घेण्यापेक्षा तिच्याशी जुळवून घेणे स्वस्त पडते, ही गोष्ट शहरातील विक्रेत्यांच्या ध्यानात क्वचितच येते.

त्या चष्म्याचे काय चुकले होते, हे मला चंद्रपूरच्या कारागिराने कागदावर मांडून दाखविले. फ्रेमच्या काडीच्या आतल्या अंगाला दोन आकडे छापलेले असतात आणि त्यांच्यामध्ये एक लहानसा चौकोन असतो. माझ्या फ्रेमवर ५४ आणि १८ असे आकडे होते. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधील नाकावरच्या पुलाची रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. त्यांची बेरीज ७२, म्हणजे दोन काचांच्या मध्यबिंदूंमधील अंतर ७२ मिलिमीटर. माझ्या दोन बुबुळांमधील अंतर, ज्याला दुकानात ‘पी.डी.’ म्हणतात, ते मात्र ६२. याचा अर्थ असा की, भिंगाचे प्रकाशकेंद्र बुबुळासमोर आणावयाचे तर प्रत्येक काच पाच मिलिमीटर नाकाकडे सरकवून कापावी लागणार. आणि मग त्या केंद्रापासून बाहेरची कड २७ अधिक ५, म्हणजे ३२ मिलिमीटर दूर जाणार. साध्या प्लॅस्टिकच्या उणे दहाच्या काचेत ३२ मिलिमीटरांवर जाडीची वाढ सुमारे सव्वादहा मिलिमीटर येते. मधली दोन मिलिमीटर धरली की कड बारा मिलिमीटरांच्या घरात जाणार. आता त्याने दुसरी फ्रेम काढली, लहान आणि जवळजवळ गोल, ४४ आणि २० आकड्यांची. बेरीज ६४, काच सरकवावयाची ती अवघी एक मिलिमीटर, केंद्रापासून कडेचे अंतर २३. त्याच काचेची, त्याच नंबराची कड सव्वासात मिलिमीटरांवर आली.

“गुर्जी,” तो म्हणाला, “फ्रेम पाहून नंबर नसते बसत जी. नंबर पाहून फ्रेम घ्या लागते.”

याच्याही पुढची गोष्ट त्याने सांगितली, ती मला अद्याप अनेकांना सांगावीशी वाटते. पातळ काच म्हणून जी महागडी काच विकतात, जिचा अपवर्तनांक १.६७ असतो, ती माझ्या त्या मोठ्या फ्रेममध्ये घातली असती तरी कड नऊ मिलिमीटर झाली असती. म्हणजे लहान फ्रेममधल्या साध्या, स्वस्त काचेहून जाडच. पैसे काचेवर ओतण्यापूर्वी फ्रेम लहान निवडावी, हा जड नंबरवाल्यांच्या शास्त्रातील पहिला अध्याय आहे, आणि तो शिकविण्यात कोणाचाही विशेष आर्थिक लाभ नसल्यामुळे तो शिकविला जात नाही. जुन्या छायाचित्रांतील विद्वानांचे गोल चष्मे पाहून आपण त्यांना त्या काळची रीत समजतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा चष्मा पुण्याच्या सिंबायोसिस संस्थेच्या वस्तुसंग्रहालयात जतन केलेला आहे. त्या पिढीच्या चष्म्यांकडे कारागिराच्या दृष्टीने पाहिले असता ध्यानात येते की, गोल आकारात कोणतीही कड केंद्रापासून अकारण दूर जात नाही, कोपरा नसल्याने जाडी कोठेही साठून राहत नाही, आणि काचेचे ओझे सर्व बाजूंना सारखे वाटले जाते. गोल आकाराला एकच वैगुण्य आहे. ज्यांच्या नंबरात सिलिंडर असतो, म्हणजे काचेला विशिष्ट कोनातच बसावे लागते, त्यांची गोल काच फ्रेममध्ये सैल राहिली तर हळूहळू फिरते आणि तो कोन बिघडतो. म्हणून कसबी माणूस अशा डोळ्यांसाठी पुरता गोल नव्हे, तर किंचित लांबट आकार सुचवितो.

फ्रेम ठरल्यावर खरे काम सुरू होते, आणि ते पाहत बसण्याची परवानगी मला त्या दुकानाच्या मागच्या खोलीत लाभली. तेथे एका खिडकीखाली बैठे टेबल, त्यावर लेन्सोमीटर, बारीक पेचकस, चिमटे, पाण्याच्या तांब्यासारखे एक भांडे आणि पलीकडे पाण्याने भिजत फिरणारा सानेचा दगड होता. आता पुष्कळ ठिकाणी फ्रेमचा आकार स्वतः चाचपून काच आपोआप घासणारी यंत्रे आली आहेत आणि ती उत्तम काम करतात. तथापि हाताने होणारे काम पाहिल्याशिवाय यंत्र नेमके काय करते हे कळत नाही.

प्रथम काच लेन्सोमीटरखाली धरून तिचे प्रकाशकेंद्र शोधतात आणि शाईचे तीन ठिपके एका ओळीत उमटवितात. मधला ठिपका म्हणजे केंद्र, आणि ओळ म्हणजे काचेची आडवी दिशा. हे उपकरण नव्हते त्या काळी जाणते कारागीर काच हातात धरून खिडकीच्या गजांच्या फुलीकडे पाहत. काच हलविली असता फुली काचेबरोबर हलते की उलट जाते यावरून भिंग उणे की अधिक हे ओळखीत, आणि फुली न तुटता सलग दिसली की केंद्र सापडले असे समजत. त्यानंतर फ्रेमच्या खाचेबरहुकूम पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा फर्मा घेतात, काचेवर केंद्र जुळवून तो टेकवितात आणि आकार आखतात. खरी काच असेल तर हिऱ्याच्या टोकाने रेघ ओढून जादा भाग चिमट्याने कुरतडून काढतात. प्लॅस्टिकची असेल तर थेट सानेवर धरतात. दगडावर पाणी पडतच राहिले पाहिजे, कारण घर्षणाच्या उष्णतेने काच तडकते आणि प्लॅस्टिक जळून कडेला पांढरे होते.

मग येते धार पाडण्याचे काम. फ्रेमच्या आत एक बारीक खाच असते आणि तीत अडकण्यासाठी काचेच्या कडेला छपरासारखी दुहेरी उतरती धार काढावी लागते. साध्या नंबराची काच दोन-तीन मिलिमीटर जाड असते, तिच्या कडेच्या मधोमध धार काढली की झाले. जड नंबराच्या काचेची कड सात-आठ मिलिमीटर रुंद. तिच्यावर ही धार नेमकी कोठे काढावयाची, यातच कारागिराची परीक्षा होते. मधोमध काढली तर तीन-साडेतीन मिलिमीटर काच फ्रेमच्या पुढे येते, आणि समोरून पाहणाऱ्याला त्या माणसाच्या डोळ्यांवर दोन बाटल्यांचे बूड लावल्यासारखे दिसते. म्हणून धार पुढच्या पृष्ठाजवळ आणतात. पुढून काच फ्रेमशी जवळपास समतल दिसते आणि सारी जाडी मागे, डोळ्यांच्या बाजूला लपते. परंतु येथेही मर्यादा आहे. धार फारच पुढे नेली तर मागे वाढलेली कड नाकाच्या बाजूला नाकपट्टीच्या तारेला अडते आणि कानशिलाच्या बाजूला काडी मिटू देत नाही. मग त्या दोन जागी मागची कड तिरकी घासून काढतात, तिचा तीक्ष्णपणा मारतात, जेणेकरून घाम पुसताना बोट कापू नये आणि पडल्यास गालात घुसू नये. शेवटी त्या कडेला चकाकी देतात. खरबरीत, पांढरी राहिलेली कड प्रकाश पकडते आणि काचेच्या आत वर्तुळामागून वर्तुळे दिसू लागतात. ज्यांनी जाड चष्मे पाहिले आहेत त्यांना ती कड्यांची रांग आठवेल. कड नीट घोटली आणि काचेवर परावर्तनरोधक लेप असला म्हणजे ती बरीच विरते.

बसविताना सेलची, म्हणजे जाड प्लॅस्टिकची, फ्रेम तापलेल्या वाळूत किंवा बारीक मण्यांत किंवा गरम हवेच्या झोतात मऊ करतात, काच एका बाजूने सरकवितात आणि अंगठ्याने दाबून ती खाचेत बसवितात. ‘टक्’ असा जो एक अगदी हलका आवाज होतो, त्यावर कारागिराचे कान लागलेले असतात. धातूच्या फ्रेमचा लहान पेच सैल करून कडे उघडतात आणि काच घालून पुन्हा आवळतात. काच दशांश मिलिमीटरने मोठी राहिली तर ती बसते खरी, पण दाबाखाली राहते; दोन ध्रुवण-पत्र्यांमध्ये धरून पाहिली असता तिच्यात रंगीत रेघा उमटतात, आणि अशी काच पुढे एखाद्या दिवशी काहीही निमित्त नसता कडेपासून चिरते. तितकीच लहान राहिली तर खुळखुळते. जड उणे काचेचा पुढचा पृष्ठभाग जवळजवळ सपाट असतो, आणि आजकालच्या फ्रेमला चेहऱ्याभोवती लपेटणारे वळण असते. सपाट काच वळलेल्या कड्यात कोंबली की कुठे तरी ओढाताण होणारच. यासाठी फ्रेमचे वळणच थोडे सरळ करून घेणे हा मार्ग आहे, काचेवर जोर करणे हा नव्हे.

हे सारे रूपासाठी चालले आहे असे कोणी समजू नये. भिंगाच्या केंद्रातून पाहिले तर किरण सरळ येतो. केंद्र सोडून पाहिले तर तेच भिंग लोलकासारखे वागते आणि समोरची वस्तू जागची सरकलेली दिसते. किती सरकते, हे सांगणारा नियम अमेरिकेतील चार्ल्स प्रेंटिस यांच्या नावाने ओळखतात: केंद्रापासूनचे अंतर सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याला नंबराने गुणावे. एक नंबराच्या काचेत तीन मिलिमीटरांची चूक झाली तर एक मीटरवरची वस्तू तीन मिलिमीटर सरकेल. डोळा तिची दखलही घेणार नाही. दहा नंबरात तेवढीच चूक झाली तर ती तीन सेंटिमीटर सरकेल. ही चूक आडवी असेल तर डोळ्यांचे स्नायू ओढून-ताणून तिची भरपाई करतात आणि संध्याकाळी कपाळ दुखते. उभी असेल, म्हणजे एका काचेचे केंद्र वर व दुसऱ्याचे खाली असेल, तर डोळ्यांना ती जवळजवळ मुळीच सोसत नाही, कारण एक बुबुळ वर आणि दुसरे खाली असे पाहण्याची सोय निसर्गाने फारशी केलेली नाही. माझ्या त्या पहिल्या चष्म्यात दुकानदाराने काचा नाकाकडे सरकविण्याचे कष्टच घेतले नव्हते. फ्रेमच्या मध्यावर केंद्र ठेवून तो मोकळा झाला होता. प्रत्येक डोळ्यासमोर पाच मिलिमीटरांची चूक, दोन्ही मिळून दहा डायॉप्टरचा लोलक, आणि तो मी दोन महिने डोळ्यांवर वागविला.

काच डोळ्यापासून किती दूर आहे, यालाही जड नंबरात तितकेच महत्त्व आहे. उणे दहाची काच नाकावरून पाच मिलिमीटर खाली घसरली की डोळ्याला ती साडेनऊची वाटते. आमच्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो, नाकावर घाम साचतो, आणि दुपारी चष्मा घसरला म्हणजे रस्त्यावरची पाटी पुसट होते. बिचारा माणूस समजतो नंबर वाढला. नंबर वाढलेला नसतो, काड्या सैल झालेल्या असतात. कानामागे काडीचे वळण योग्य ठिकाणी देणे आणि नाकपट्ट्या नाकाच्या उताराला समांतर लावणे, एवढ्याने तो सुधारतो. फ्रेमचा तळ गालाकडे फार झुकला तरी जड काचेत थोडा नको असलेला सिलिंडर उत्पन्न होतो. याच उन्हाळ्याची आणखी एक सूचना: परावर्तनरोधक लेप असलेली प्लॅस्टिकची काच उन्हात उभ्या गाडीच्या पुढच्या फळीवर ठेवू नये, प्लॅस्टिक प्रसरण पावते, लेप तितका पावत नाही, आणि त्यावर कोरड्या तळ्याच्या गाळासारख्या बारीक भेगा पडतात.

काचांच्या जातींविषयी थोडक्यात सांगतो. खरी काच स्वच्छ दिसते, ओरखडत नाही, पण प्लॅस्टिकच्या जवळजवळ दुप्पट जड असते आणि फुटते. आज सर्वत्र चालणारे साधे प्लॅस्टिक अमेरिकेत १९४० च्या सुमारास एका राळेच्या एकोणचाळिसाव्या मिश्रणातून सिद्ध झाले आणि म्हणून त्याच्या नावात ३९ हा आकडा आहे. पॉलिकार्बोनेट हलके व चिवट, मुलांना उत्तम. पण जड नंबरात त्याच्या कडेतून पाहिले की पांढऱ्या वस्तूंना निळसर-तांबूस झालर दिसते. १.६७ आणि १.७४ च्या काचा पातळ खऱ्या, मात्र त्या प्रकाशही अधिक परावर्तित करतात, त्यामुळे लेपावाचून त्या घेण्यात अर्थ नाही.

आता अधिक नंबराकडे वळतो, आणि तेथे मला माझ्या आजीविषयी लिहिले पाहिजे.

आपल्या भाषेत चष्म्याला किती नावे आहेत! ‘चष्मा’ फारसीतून आला, त्याच्या मुळाशी डोळ्याचाच अर्थ आहे. ‘उपनेत्र’ हा पंडितांचा शब्द. आणि ‘चाळिशी’ हा खास मराठी संसारातला, वयाचा हिशेब सांगणारा. प्राणहितेच्या काठच्या आमच्या गावात मराठीबरोबर तेलुगूही घरोघर चालते, आणि तेलुगूत चष्म्याला ‘कळ्ळद्दालु’ म्हणतात, म्हणजे डोळ्यांच्या काचा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील चष्म्याचा इतिहास शोधताना विजयनगरच्या व्यासरायांच्या संस्कृत चरित्रातील, १५२० च्या सुमाराचा, चष्म्यातून पोथी वाचण्याचा उल्लेख पुढे आणला. आजी मात्र या सर्व नावांना बाजूला सारून आपल्या चष्म्याला ‘माझे डोळे’ म्हणे. “माझे डोळे आण रे,” असे ती म्हणाली की आम्ही फळीवरची डबी आणून देत असू.

तिच्या दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू लागोपाठच्या दोन हिवाळ्यांत शिबिरात काढले होते. त्या काळच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातील गढूळ झालेले नैसर्गिक भिंग सबंध काढून टाकीत आणि त्याच्या जागी काहीच ठेवीत नसत. डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याचा पहिला प्रयोग हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये २९ नोव्हेंबर १९४९ रोजी केला होता. परंतु तो उपाय आमच्यासारख्या मुलखातील गरीब माणसापर्यंत यावयास पुढे चार दशके लागली. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचा जो मोठा प्रकल्प चालला, त्या सुमारास डोळ्यातील भिंग सरकारी शिबिरांत रुळले. त्यापूर्वी ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्या लक्षावधी वृद्धांच्या डोळ्यांतील भिंगाचे काम अधिक दहाच्या आसपासच्या काचेने नाकावर बसून केले. या काचेचे पोट इतके फुगीर असते की, जग चतुर्थांशाने मोठे दिसते. दाराची चौकट बाहेरून आत वाकलेली भासते. आणि काचेच्या कडेभोवती एक आंधळे वर्तुळ राहते, ज्यातून माणूस एकाएकी उगवल्यासारखा पुढ्यात येतो. पाण्याचा पेला धरावयास गेलेला आजीचा हात प्रथम अलीकडेच थांबे.

अधिक नंबराच्या काचेची कारागिरी उणेच्या उलट्या दिशेने चालते. येथे कड पातळ, कधी कधी जेमतेम एक मिलिमीटर. सारी धार त्या एवढ्याशा जागेत बसवावयाची, आणि सानेवर किंचित जास्त घासले गेले की काच लहान होऊन हातची जाते. मोठ्या गोल काचेतून लहान आकार कापला तर मधला फुगवटा तसाच राहतो. सत्तर मिलिमीटरांच्या अधिक दहाच्या काचेचे पोट कडेपेक्षा बारा मिलिमीटरांनी उंच असते, तर चव्वेचाळीसच्या काचेचे पाचनेही नाही. म्हणून अशी काच कारखान्यातच लहान फ्रेमच्या मापाने घडवून मागवावी लागते. फार जड नंबरात मध्ये एक लहान वर्तुळ तेवढे नंबराचे ठेवून भोवताली साधी पट्टी ठेवतात. ताटलीत वाटी उपडी घातल्यासारखी ती काच दिसते. शिबिरात मिळणारे चष्मे पुष्कळदा तयारच असत, एकाच नंबराचे, एकाच मापाचे; ज्याच्या डोळ्यांना ते माप जुळले तो भाग्यवान.

तेंदूच्या हंगामात, वैशाखात, आजी ओसरीवर पानांची पुडकी बांधीत बसे. पुडक्यात सत्तर पाने मोजून घालावयाची, एकही कमी-अधिक नाही, कारण संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने गोळा होतात त्या जागी, पुडकी मोजून घेणारा माणूस त्यातले एखादे सोडून पाहतो. पाने मोजताना ती चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत खाली ओढी. आम्हाला ती म्हातारपणाची लकब वाटे. आज मला ठाऊक आहे की, अधिक दहाची काच डोळ्यापासून पंधरा मिलिमीटर पुढे नेली की ती सुमारे पावणेदोन डायॉप्टरने बळकट होते, आणि ज्या डोळ्यात भिंगच उरलेले नाही त्याला जवळचे पाहण्यासाठी नेमकी अशीच जादा ताकद हवी असते. तिने ते कोणाला न विचारता शोधून काढले होते. तिची दुसरी लकब मात्र मला बरीच वर्षे उमगली नाही. तिचा चष्मा नेहमी तिरपा असे, उजवी काच खाली आणि डावी वर. डाव्या काडीला कानाजवळ तिने चिंधी आणि सुतळी गुंडाळून ती बाजू उंच केली होती. आम्ही नातवंडे येता-जाता तो चष्मा सरळ करीत असू, आई करी, गावातील परिचारिकाही करी. आणि आम्ही वळलो की आजी तो पुन्हा तिरपा करून घेई. ती सुतळी एकदा मी स्वतः कापून टाकली होती. दुसऱ्या दिवशी तेथे नवी सुतळी होती.

तिच्या मृत्यूनंतर तो चष्मा आईच्या पेटीत राहिला, आणि पेटी माझ्याकडे आली. गेल्या हिवाळ्यात चंद्रपूरला जाताना मी तो खिशात टाकला. कारागिराने माझ्या फ्रेमचे पेच आवळून दिले, नाकपट्ट्या बदलल्या, आणि मग आजीचा चष्मा हातात घेऊन त्याने प्रथम त्यावरचे सुतळीचे गाठोडे निरखले. चष्मा पुसला, लेन्सोमीटरच्या पट्टीवर दोन्ही काचा एका पातळीत टेकवून ठेवल्या, उजव्या काचेवर तीन ठिपके उमटविले, मग डाव्या काचेवर. पट्टी लावून त्याने दोन मधल्या ठिपक्यांची उंची मोजली, आणि पुन्हा एकदा मोजली. उजव्या काचेचे केंद्र डाव्यापेक्षा चार मिलिमीटर वर होते. अधिक दहाच्या नंबरात चार मिलिमीटर म्हणजे चार डायॉप्टरचा उभा लोलक. चष्मा सरळ ठेवला असता हातभर अंतरावरचे तेंदूचे एक पान तिला दोन दिसले असते, एकावर एक. त्याने चष्म्याची उजवी बाजू हळूच खाली झुकविली, दोन्ही ठिपके एका रेषेत आले तेथे थांबला, आणि ती सुतळी डाव्या बाजूला जितकी उंची देत होती तितकाच तो झुकाव आहे हे त्याने मला बोट लावून दाखविले.

“कोणी बसवला होता जी हा?” त्याने विचारले, आणि मग चष्म्याकडे नव्हे, सुतळीकडे पाहत म्हणाला, “आन् हे कोणी केलं?”